परतीची वारी

खंडाळा म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण उभे राहते. आमचे खंडाळे ते नव्हे. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरले आणि शिरवळ मागे टाकले, की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी जे तालुक्याचे गाव लागते ते आमचे. जुनी माणसे त्याला पारगाव-खंडाळा म्हणतात. येथे हवा पालटायला कोणी येत नाही. घाट चढण्याआधी जो थांबतो तोच आमचा पाहुणा. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ४ आणि आताचा ४८, गावाला लागून जातो आणि गावाची बरीचशी सुखदुःखे त्याच रस्त्याने येतात-जातात.

या रस्त्याने मोटारसायकलवरून तंजावरपर्यंत जायचे, असा बेत मी काही वर्षांपासून करतो आहे. प्रस्तुत लेख त्या प्रवासाचा नाही, बेताचा आहे. मराठीत प्रवासवर्णने उदंड झाली. बेताचे वर्णन मात्र कोणी फारसे करत नाही. बेत ही खासगी आणि किंचित हास्यास्पद गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. परंतु गेल्या दोन-तीन महिन्यांत या कागदी प्रवासाने मला माझ्या घराविषयी आणि मी वर्गात शिकवतो त्या वाङ्मयाविषयी काही दाखवले. ते प्रत्यक्ष निघण्याआधीच लिहून ठेवावे असे वाटते.

माझ्या वडिलांचे घाटाच्या पायथ्याशी लहानसे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे चार बाकडी, चहा, भजी आणि रांजणातले पाणी. १९८०च्या दशकात भरलेला ट्रक खंबाटकी एका दमात चढत नसे. चालक आमच्याकडे थांबत, रेडिएटरमध्ये पाणी ओतत, टायर ठोकून पाहत आणि चहा पिऊन घाटाला लागत. शाळेत इंग्रजी सुरू झाले ते पाचवीत. पण त्याआधीच ट्रकांवर रंगवलेला एक शब्द मला नुसत्या आकारावरून ओळखू येई. वडिलांनी तो एका चालकाकडून वाचून घेतला आणि मला सांगितला : नामक्कल. तमिळनाडूतले हे गाव ट्रकबांधणीसाठी आणि मालवाहतुकीसाठी नावाजलेले आहे, हे पुष्कळ पुढे कळले. त्या वयात ते माझ्या लेखी रस्त्याचे दुसरे टोक होते. या टोकाला आम्ही, त्या टोकाला नामक्कल.

भूगोल शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याजवळ मी हे एकदा सहज बोललो, आणि बेताला त्या दिवशी अंग आले. त्यांनी स्टाफरूममध्ये नकाशा पसरला आणि पेन्सिलीने दाखवले, की तंजावरची वाट नामक्कलवरूनच जाते. खंडाळ्याहून सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग आणि तुमकूर करत बंगळूर सुमारे पावणेआठशे किलोमीटर. तेथून होसूर, कृष्णगिरी, सेलम, नामक्कल, तिरुचिरापल्ली आणि तंजावर हे आणखी चारशे. त्यांची बुलेट, माझी आठ वर्षे वापरलेली दीडशे सीसीची गाडी. दिवाळीच्या सुटीत निघावे असे मी म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. आपल्याकडचा पाऊस सरला की तिकडचा सुरू होतो; ऑक्टोबर ते डिसेंबर हे तमिळनाडूच्या किनाऱ्याकडचे पावसाळ्याचे महिने. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर दिवसभर गाडी चालवणे आमच्या वयाला शोभणारे नाही. म्हणून फेब्रुवारीचा पूर्वार्ध ठरला. दोन रविवार धरून दहा दिवस. दोघांच्याही वर्षभराच्या बहुतेक किरकोळ रजा त्यात जाणार होत्या.

गावातल्या मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने चेन बोटाने उचलून पाहिली, मागचे टायर आणि ब्रेक लायनर बदलायला सांगितले, आणि एक जादा क्लचवायर जुन्या वायरीला लागूनच ओवून देतो म्हणाला, म्हणजे वाटेत तुटली तर फक्त टोके जोडायची. मग हात पुसत म्हणाला, "गाडी जाईल हो सर. तुमची पाठ जाईल का, ते बघा." मी त्याला चे गेव्हाराची गोष्ट सांगितली. १९५२ साली तो आणि त्याचा मित्र ग्रानादो ज्या जुन्या मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका पालथी घालायला निघाले, ती चिलीमध्येच निकामी झाली आणि पुढचा प्रवास त्यांनी मिळेल त्या वाहनाने केला. मिस्त्रीने शांतपणे विचारले, "चेनला तेल घालत होते का?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आता तंजावरच का, हे सांगितले पाहिजे. नाट्यवाङ्मयाचा इतिहास शिकवताना मी दर वर्षी १८४३ हे साल फळ्यावर लिहितो. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले ते साल. त्यानंतर एक वाक्य घाईने सांगतो, की तंजावरच्या भोसले राजांनी याआधी सुमारे दीडशे वर्षे मराठी नाटके रचली होती. दुसऱ्या शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांपैकी एक. तास संपत आलेला असतो आणि परीक्षेत प्रश्न सांगलीवर येतो, म्हणून तंजावर त्या एका वाक्यातच राहते. एकदा एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही पाहिलंय का तंजावर?" नाही म्हणालो. तिने पुढे काही विचारले नाही. मला मात्र त्यानंतर ते वाक्य पूर्वीच्या सहजतेने उच्चारता आले नाही.

तंजावरात बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत. मराठी घरांतून अजूनही एक मराठी बोलली जाते, जी आपल्या मराठीपासून साडेतीनशे वर्षे वेगळी वाढली. मला तेथे निवांत चार दिवस हवे होते. आणि वाटेवरची गावे? बेळगाव इंदिरा संतांचे. धारवाडला जी. ए. कुलकर्णी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले. त्याच धारवाडचे बेंद्रे, घरची भाषा मराठी, आणि कन्नडचे ज्ञानपीठ मिळवलेले कवी. वीस वर्षे अभ्यासक्रमातून ज्यांची नावे घेतली ती बहुतेक माणसे माझ्या दारावरून जाणाऱ्या एकाच रस्त्यावर राहत होती, हे नकाशा पसरेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

सहकाऱ्यांनी तक्ता तयार केला. चार दिवस जाण्याचे, चार दिवस तंजावरात, दोन दिवस परतीचे. जाताना धारवाड, चित्रदुर्ग आणि कृष्णगिरी असे मुक्काम होते. परतीच्या दोन दिवसांच्या रकान्यात त्यांनी फक्त अंतर लिहिले होते : रोज सुमारे पाचशे नव्वद. "येताना काय बघायचंय आता? सगळं बघून झालेलं असणार," असे त्यांचे म्हणणे. मलाही ते रास्त वाटले.

तो तक्ता मी घरी आणला. पत्नीने औषधांची यादी केली, विम्याची मुदत तपासायला सांगितली, आणि रात्री गाडी चालवायची नाही एवढे कबूल करून घेतले. आई सत्तरीच्या पुढे गेली आहे. तिने आधी काहीच विचारले नाही. दोन दिवसांनी दळण निवडता निवडता म्हणाली, "कशापायी जायाचं एवढ्या लांब?"

मी शिलालेखाचे सांगितले. ती म्हणाली, "भिंतीवर लिव्हलंय ते कुठं पळून जातंय का?"

या प्रश्नाला वाङ्मयाच्या प्राध्यापकाने उत्तर द्यायला हवे होते. आपल्या जुन्या प्रवाशांना 'कशासाठी' हा प्रश्न अडवत नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरच्या कर्जापायी. मथुरेला यज्ञ होणार आहे, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, असा त्यांचा साधा बेत होता. वाटेत बंडाचा वणवा पेटला, झाशीत ते अडकले आणि दक्षिणेची रक्कम गेली. वारकऱ्याला पंढरपूर असते, मजुराला काम असते, ट्रकचालकाला माल पोचवायचा असतो. माझ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. मला जायचे होते, एवढेच खरे. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाने हे आईसमोर म्हणणे अवघड असते.

पण आईचा प्रश्न तेवढाच नव्हता, हे मला हळूहळू उमगले. तिच्या मनात चादरी होत्या.

आमच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत ट्रंकेत जुन्या चादरी असत. घाटात अपघात झाला की कोणी तरी धावत येई आणि वडील दोन-तीन चादरी काढून देत. कधी जखमीला उचलून न्यायला, कधी झाकायला. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. मला आत बसवून ठेवत. आई सकाळी ट्रंक उघडून पाही. दिलेल्या चादरी कधी परत आल्या नाहीत आणि तिने त्या कधी मागितल्या नाहीत. पुढच्या बाजारी ती नव्या आणून ठेवी. घरात पैशाची चणचण असतानाही हा खर्च कोणी खर्चात धरला नाही. पुढे घाटाला बोगदा झाला, साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहने त्यातून येऊ लागली, रस्ता रुंद झाला, नव्या ट्रकांना थांबायची गरज उरली नाही. हॉटेल बंद पडले. अपघात मात्र बंद पडले नाहीत. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर जे वळण आहे ते नीट ओळखीचे नसलेल्या चालकाला फसवते. २०१८ च्या एप्रिलमध्ये एका पहाटे कर्नाटकातून कामासाठी निघालेल्या मजुरांचा टेम्पो तेथे उलटला आणि पंधराहून अधिक माणसे गेली. वडील तोवर हयात नव्हते. बातमी कळल्यावर आईने कपाटातून दोन चादरी काढून ओट्यावर ठेवल्या. त्या मागायला कोणी येणार नव्हते. रुग्णवाहिका केव्हाच येऊन गेल्या होत्या. दुपारी तिने त्या घडी करून पुन्हा आत ठेवल्या.

या पार्श्वभूमीवर मी बेताकडे पुन्हा पाहिले. मग आमच्या तक्त्यात एक नाव घालावेसे वाटले, ते होदिगेरे. दावणगेरे जिल्ह्यात, महामार्गापासून आत, चन्नगिरी तालुक्यात हे लहान गाव आहे. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीच्या वेळी घोडा अडखळला आणि शहाजीराजे पडले ते याच गावी. समाधी तेथेच आहे. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना एका ओळीत येते. आयुष्यभर घोड्यावर दौड केलेला माणूस अखेरीस एका साध्या अपघाताने गेला, घरापासून शेकडो मैलांवर. बातमी पोचल्यावर जिजाबाईंच्या घरी काय झाले असेल, याचा विचार मी वाङ्मयाचा विद्यार्थी असूनही कधी केला नव्हता. तो करायला आईच्या ओट्यावरच्या दोन चादरी लागल्या.

दक्षिणेचा हा रस्ता तसा परत न आलेल्यांचाच आहे. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, सावत्र भावाला भेटले आणि परतले. व्यंकोजीराजे तंजावरातच राहिले. त्यांच्या वंशजांची सत्ता १८५५ पर्यंत टिकली. जी मराठी नाटके आणि हस्तलिखिते पाहायला मला जायचे आहे ती परत न आलेल्यांमुळे निर्माण झाली आहेत. ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात कमाईच्या बाजूला मांडावी लागते. घरात वाट पाहणाऱ्यांच्या हिशेबात तिची बाजू कोणती, हे वाङ्मयाचा इतिहास सांगत नाही.

एका संध्याकाळी आई माउलींच्या पालखीविषयी बोलत होती. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरेच्या पुलावरून आमच्या तालुक्यात येते; लोणंदला मुक्काम असतो. आई दर वर्षी दर्शनाला जाते. मी तिला म्हणालो, की वारीसारखी आखणी आम्हाला जमली पाहिजे. कुठल्या दिवशी कुठे विसावा आणि कुठे मुक्काम, सगळे आधी ठरलेले. ती म्हणाली, "जातानाचं सगळ्यांला ठावं असतं. येतानाची पालखी बघितलीस का कधी?"

पाहिली नव्हती. लोणंदपासून पाऊण तासावर राहून, आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे काढून, परतीची वारी मी पाहिली नव्हती. जाताना लाखो माणसे, दिंड्या, रिंगण, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे. पौर्णिमेचा काला झाला की पालखी आळंदीकडे निघते. जायला अडीच आठवडे लागलेले अंतर सुमारे दहा दिवसांत कापते. बरोबर थोडी माणसे असतात. बाकीचे एसटीने आणि ट्रकने केव्हाच घरी पोचलेले असतात. आई म्हणाली की वडील हॉटेल बंद ठेवून दोनदा परतीच्या वारीत चालले होते. मला हे ठाऊक नव्हते. "का?" विचारले तर म्हणाली, "देवाला घरी पोचवायला नको का कुणी?"

त्यानंतर मला आमच्या तक्त्यातली चूक स्पष्ट दिसली. येताना पाहण्यासारखे काही नाही, हे सहकाऱ्यांचे वाक्य मला रास्त वाटले होते, कारण माझे वाचनही तसेच झाले होते. प्रवासवर्णनात निघणे सविस्तर येते, पोचणे सविस्तर येते. परतणे शेवटच्या दोन परिच्छेदांत उरकलेले असते. विष्णुभटांचे पुस्तक १९०७ साली छापून आल्यापासून आपण त्यात झाशी वाचत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रवासाला बेत म्हणून पाहिले, तर तो फसल्यावर त्यांनी काय केले हेही पाहावे लागते. पैसे गेल्यावर त्यांनी गंगेचे पाणी कावडीत भरले, ते चालत घरापर्यंत आणले आणि आईवडिलांना त्याने स्नान घातले. कर्जासाठी निघालेला मुलगा कर्ज फेडण्याइतके घेऊन आला नाही. तो पाणी घेऊन आला, आणि मुख्य म्हणजे आला. मी हे पुस्तक अनेकदा शिकवले आहे. कावडीवर मी एकही तास घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो तेव्हा तो आपल्या भाषेत तेच म्हणाला. "जाताना माणूस सावध असतो सर. येताना घर दिसायला लागतं डोळ्यापुढं, रस्ता दिसत नाही." रोजचे पाचशे नव्वद किलोमीटर ऐकून त्याने पाना खाली ठेवला आणि तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला.

आम्ही तक्ता नव्याने केला, या वेळी खालून वर. आधी खंडाळ्यास पोचण्याची तारीख आणि वेळ लिहिली : दहावा दिवस, दिवस मावळण्याच्या आत. मग त्याआधीचा मुक्काम, मग त्याआधीचा. जाताना चार दिवस, येतानाही चार, रोज तीनशेच्या आसपास, आणि अंधार पडल्यावर गाडी नाही. होदिगेरे येतानाच्या वाटेवर ठेवले. तेथवर पोचलेल्या माणसाने तेथून घरी येणे, हे मला जास्त बरे वाटले. धारवाडचा मुक्काम दोन्हीकडे आहे. तंजावरचे चार दिवस मात्र दोनच राहिले. त्यांतला एक देवळाच्या भिंतीपुढे जाईल. ग्रंथालयाच्या वाट्याला एक येईल. एका दिवसात हस्तलिखिते वाचून होत नाहीत, हे कोणाही अभ्यासकाला सांगायला नको. सहकाऱ्यांना आठवडाभर हुरहुर लागून राहिली. मला अजून आहे. ज्या गोष्टीसाठी जायचे तिचेच निम्मे दिवस कापून परतीला देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

तक्ता आईला वाचून दाखवला. तिला गावांची नावे कळत नव्हती. मुक्काम किती ते तिने बोटांवर मोजले. नामक्कल म्हटल्यावर ती थांबली. "ते ट्रकवालं का? तुझे वडील म्हणायचे एकदा जाऊन बघू, कसलं गाव हाय." हेही मला ठाऊक नव्हते. मग तिने कालनिर्णय काढायला सांगितले आणि परतीच्या तारखेवर माझ्याकडून खूण करून घेतली. निघण्याची तारीख तिने विचारली नाही.

गाडीचे मागचे टायर बदलून झाले आहे. क्लचवायर ओवायची राहिली आहे. येत्या आषाढात मात्र, हा बेत पार पडो वा न पडो, पौर्णिमेनंतर रजा काढून नीरेच्या पुलावर जाऊन उभे राहायचे ठरवले आहे. येतानाची पालखी तेथून जाते. आई बरोबर येणार आहे.